माझ्या पोटावरच्या देवी

मी एक म्हातारा हेला आहे. कोणी रेडा म्हणतं, कोणी टोणगा म्हणतं, आमच्या भागात हेला म्हणतात. गोष्ट सांगताना आधी 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. मित्रांनो. झालं? आता खरं सांगतो, तुम्ही काही माझे मित्र नाही. शाळा सुटली की नाल्यावर येता, पाण्यात बसलेल्या माझ्यावर खडे मारता, आणि परवा तुमच्यातल्याच एकानं माझं शेपूट पिरगाळलं. तो कोण ते मला ठाऊक आहे. समोरच बसलाय आणि दात काढतोय.

तरी ऐका. मी जे सांगणार आहे ते तुमच्या अंगावर आहे, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. कुठे आहे ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून खेळायला पळाल.

माझा जन्म बाजारहत्नूरजवळच्या याच गावातला, महिपत नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातला. निजामाचं राज्य गेलं त्या पावसाळ्यातला. कोणी म्हणत होतं फौज आली, कोणी म्हणत होतं रझाकार पळाले, आणि चावडीवर नवा झेंडा लावायला बांबू कोणाच्या बेटातला तोडायचा यावरून गावात भांडण चाललं होतं. त्याच गडबडीत माझी आई व्याली. महिपतची बायको बयनाबाई गोठ्यात आली, तिनं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "घ्या. आपल्या घरी बी नवं सरकार आलं. काम ना धाम, नुसतं दूध पेनार." झालं, माझं नाव सरकार पडलं.

हेला म्हणजे म्हशीवाल्याच्या घरातला नकोसा पाहुणा. वगार, म्हणजे मादी, झाली की सगळ्यांचे चेहरे फुलतात, हेला झाला की तोंडं वाकडी होतात. आम्ही दूध देत नाही, आणि नांगराला बैलाइतके टिकत नाही. म्हणून बहुतेक हेले पहिल्या उन्हाळ्यातच मरतात. मरतात म्हणजे काय, त्यांना पोटभर दूध पिऊ देत नाहीत. तुमच्या पुस्तकात लिहितात की शेतकरी जनावरांवर लेकरासारखी माया करतो. करत असेल, दूध देणाऱ्यांवर. बयनाबाई मात्र आईचा एक सड माझ्यासाठी सोडायची. महिपत कुरकुरला की म्हणायची, "सरकारले उपाशी ठेवता येते का?"

आणि उन्हं चढली की ती मला घरामागच्या डबऱ्यावर न्यायची. हे नीट ऐका, कारण पुढे याचं काम आहे. आम्हा म्हशींच्या जातीला तुमच्यासारखा घाम सुटत नाही. ऊन अंगात शिरलं की आतच राहतं. पाण्यात नाहीतर चिखलात बसलं तरच आमचा जीव थाऱ्यावर येतो. ती आमची चैन नाही, गरज आहे. बयनाबाईला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण ती काठावर बसून राहायची आणि माझं पोट थंड झाल्याशिवाय उठायची नाही.

मी चांगला भरलो, अंग चकाकायला लागलं, आणि एक दिवस महिपत मला बाजारहत्नूरच्या बाजारात घेऊन गेला. विकायला नाही, मीठमिरची आणायला गेला होता, मी आपला मागे. तिथे फकिरा नावाचा माणूस भेटला. फकिरा आदिलाबादच्या लसखान्यात नोकर होता. लसखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. जुन्या सरकारनं ती उघडली होती, नव्या सरकारनं तिची पाटी तेवढी बदलली. आधी उर्दूत होती, मग आपल्या अक्षरांत आली. आतलं काम तेच राहिलं. काय काम, ते सांगतो.

देवी नावाचा एक रोग आहे. अंगभर फोड येतात, लेकरं मरतात, जी वाचतात त्यांचे डोळे जातात. रोगाचं नाव देवी. जिच्यापुढे तुम्ही नारळ फोडता ती देवी. आणि तो रोग होऊ नये म्हणून सरकारी माणूस दंडावर ओरखडे काढून औषध चोळतो, त्याला म्हणता देवी काढणे. तुम्हा माणसांकडे शब्दांचा दुष्काळ पडलाय का? एकाच शब्दावर तीन-तीन ओझी लादता. त्या ओझ्याखाली सापडलो मी.

फकिरानं माझ्या पोटावरून हात फिरवला आणि महिपतला म्हणाला, "हेला धडधाकट हाय. आमाले देवी काढाले असाच पायजे."

"देवीले?" महिपतनं विचारलं.

"हाव. देवी काढाले."

"कोठची देवी म्हना?"

"आदिलाबादची," फकिरा म्हणाला.

महिपतनं तिथेच हात जोडले. माणसाच्या दंडावर देवी काढतात हे त्याला माहीत होतं, पण हेल्यावर कोण काढतं? हेला तर देवीपुढे कापायला देतात. त्या हिवाळ्यात शेजारच्या गावातली लेकरं देवीनं गेली होती. महिपतच्या सुनेला दिवस गेले होते. त्याला वाटलं, आदिलाबादेत कोणी मोठी जागृत देवी आहे, तिला हेला दिला तर घरात येणाऱ्या लेकराला ती हात लावणार नाही. फकिराला त्याची चूक कळली. मी त्याचं तोंड पाहत होतो. ते उघडलं, आणि मग बंद झालं. सरकारी कामाला हेला पाहिजे म्हटलं की धनी आढेवेढे घेतो, मोबदला मागतो. देवीला हेला पाहिजे म्हटलं की हात जोडून देतो, वर हळदही लावतो. फकिरा एवढंच म्हणाला, "चाला तं मंग, घरी जाऊन बाईची परवानगी घेऊ."

बयनाबाई रडली. पण देवीला नाही कसं म्हणायचं? तिनं माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, शिंगांच्या मुळांशी तेल चोळलं आणि कानाजवळ येऊन म्हणाली, "जाय बाबा सरकार. पोराईकडे ध्यान ठेवजो." म्हणजे जीव माझा जाणार आणि वर कामही माझ्याच गळ्यात.

लसखान्याचे डॉक्टर होते यशवंतराव, औरंगाबादहून बदलून आलेले. स्वच्छ कपडे, स्वच्छ नखं, स्वच्छ बोलणं. ते कधी ओरडले नाहीत, कधी कोणाला मारलं नाही. अशा माणसाचा राग करायलाही पंचाईत होते, पण मी करतो. त्यांनी मला फळ्यांच्या आडव्या टेबलावर कुशीवर पाडायला लावलं, चारी पाय बांधले, आणि फकिरानं वस्तऱ्यानं माझं पोट गुळगुळीत केलं. डॉक्टरांनी त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "जमीन चांगली आहे."

त्या शेडमध्ये सगळे असंच बोलायचे. पोट म्हणजे जमीन. ते सुरीनं ओरखडायचं म्हणजे नांगरट. त्या ओरखड्यांत देवीचं औषध चोळायचं म्हणजे पेरणी. मग फोड वर आले की पीक, आणि ते खरवडून घ्यायचं म्हणजे काढणी. शेतीच्या गावातून आलेली माणसं, त्यांना तेच शब्द जवळचे. पण जमिनीला दुखत नाही. मला दुखलं. सुरी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायची, थोडी जागा सोडून परत यायची. मी ओरडत होतो आणि डॉक्टर फकिराला सांगत होते की सरी वाकडी जाऊ देऊ नकोस.

त्यानंतर मला उभंच बांधून ठेवलं. बसलो तर पोट जमिनीला लागेल, घाण लागेल, पीक वाया जाईल. अंगात ताप, पोटावर आग, आणि उन्हाळा लागलेला. शेडच्या मागच्या भिंतीला लागून एक ओहोळ होता. मला त्याचा वास येत होता, बेडकांचे आवाज येत होते. मित्रांनो, मला सुरीचा राग आहेच, पण त्या भिंतीचा जास्त आहे. पाण्यात सोडता येत नव्हतं हे मी समजू शकतो. पाठीवर एक बादली ओतता येत होती की नाही? पाठीवर पेरणी नव्हती. कोणाच्या मनातच आलं नाही. त्यांना माझं पोट दिसत होतं, त्याच्या वरचा हेला दिसत नव्हता.

पीक चांगलं आलं. चमच्यासारख्या हत्यारानं त्यांनी ते खरवडून काढलं, घोटलं, काचेच्या बारीक नळ्यांत भरलं. त्यातलं थोडं बी म्हणून बाजूला ठेवलं, पुढच्या हेल्याच्या पोटावर पेरायला. त्याच्या पोटातून त्याच्या पुढच्याच्या. यशवंतराव खुश होते. म्हणाले, "एका पोटावर अख्ख्या तालुक्याची लेकरं निघतील." मग हात धुऊन चहा प्यायला गेले.

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, पण त्यानं किती लेकरं वाचली. वाचली. मी नाही म्हणत नाही. मी म्हणतो, मला सांगितलं कोणी? तुम्ही म्हणाल, हेल्याला काय कळतं? मग आता इतका वेळ काय ऐकत बसलाय?

एका पोटावर एकदाच पीक येतं. ज्याला एकदा देवी निघाली त्याला पुन्हा निघत नाही. त्यामुळे काढणी झाली की हेला बिनकामाचा. काहींची पोटं चिघळली आणि ते तिथेच मेले. उरलेले कसायाकडे गेले. त्यांची नावं मला माहीत नाहीत, असली तरी ती त्यांच्या गावीच राहिली होती. मी अंगानं मजबूत म्हणून मला पखालीला लावलं. पखाल म्हणजे पाणी भरायची कातड्याची मोठी पिशवी. ती पाठीवर घेऊन विहिरीपासून शेडपर्यंत जायचं आणि यायचं, वर्षानुवर्षं. त्या पाण्यानं नव्या हेल्यांची पोटं धुवायचे. पाठीवर एवढं पाणी आणि मला त्यातलं, शिवण गळायची तेवढंच मिळायचं. नवे हेले यायचे तेव्हा त्यांच्या कपाळावर हळदकुंकू असायचं. फकिराला युक्ती सापडली होती ना. गावोगाव हिंडून तो तेच दोन शब्द बोलायचा आणि पुढे गप्प बसायचा.

एकदा कोणी मोठे साहेब आले. यशवंतरावांच्या गळ्यात हार घातला, भाषण झालं, जिल्ह्यातली देवी हटत चालली आहे म्हणून टाळ्या वाजल्या. मग सगळे शेडपुढे फोटोला उभे राहिले. मी पखाल घेऊन तिथेच होतो. फोटो काढणारा म्हणाला, "मागे हेला दिसून राह्यला, त्याले बाजूले घ्या." फकिरानं मला बाजूला घेतलं. तो फोटो मी पाहिलेला नाही, पण त्यात मी नाही एवढं मला नक्की माहीत आहे.

मग राज्यांची तोडजोड झाली. आमचं हैदराबाद राज्यच मोडलं. किनवट आणि राजुरा तिकडे मराठी मुलखाला गेले, आदिलाबाद इकडे आंध्रात आलं. बोलणारी माणसं तीच, वावरं तीच, आणि कागदावर मात्र सोयरे दोन राज्यांचे झाले. यशवंतरावांनी तिकडची नोकरी मागून घेतली. औषध आता मोठ्या शहरातून येणार, म्हणून लसखाना बंद झाला. टेबल कोणाचं, कपाट कोणाचं, भिंतीवरचं घड्याळ कोणाचं यावर कारकून हुज्जत घालत होते. एका स्टुलासाठी तर दोघं एकमेकांवर धावून गेले. मला कोणी मागितलं नाही, ना या राज्यानं ना त्या राज्यानं. शेवटी फकिरानंच विचारलं, "साहेब, हेल्याचं काय करू?" यशवंतराव सामान बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "दे कसायाला."

फकिरा मला घेऊन निघाला. वाट कापसाच्या बाजारावरून जात होती. दिवस कापसाचे होते, रस्त्याच्या कडेनं गाड्याच गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एका गाडीवर, कापसाच्या ढिगावर, बयनाबाई बसली होती. महिपत आत मापाला गेला होता. माझ्या पाठीवर पखालीचे घट्टे पडले होते, एक शिंग मोडलं होतं, पण तिनं मला चालीवरून ओळखलं. तिनं हाक मारली, "सरकार." रस्त्यावरचे दोन चपराशी आणि एक पोलीस वळून पाहायला लागले. मी जागेवर थांबलो. फकिरानं दोर ओढला, मी हललो नाही.

बयनाबाई गाडीवरून उतरली. माझ्या गळ्याला हात लावून पाहिला, मी खरा आहे की नाही ते. "ह्याले तं देवीपुढं कापला होता," ती फकिराला म्हणाली. "मी रोज ह्याच्या नावानं हात जोडत होती. हा जित्ता कसा?" मग तिला काहीतरी दिसलं. ती रस्त्यातच खाली बसली आणि माझ्या पोटाखाली वाकली. तिथे केस पुन्हा उगवले होते, पण ओरखड्यांच्या ओळींवर उगवले नव्हते. तिथे नुसते पांढरे वण होते, सरीवर सरी.

"हे काय होय?"

"देवी काढल्या, माय," फकिरा म्हणाला. आणि मग त्यानं तिला सगळं सांगितलं. शेड, सुरी, नळ्या, लेकरांचे दंड.

बयनाबाईनं ऐकून घेतलं. "मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं देला असता का?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "नसता देला," ती म्हणाली.

"म्हनूनच नाही सांगतलं."

"मंग हा चोरीचा माल होय," बयनाबाई म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातातून दोर काढून घेतला. फकिरानं घेऊ दिला.

महिपत मापावरून परत आला आणि गाडीला बांधलेला मी त्याला दिसलो. त्याला आनंद झाला असेल असं वाटतं तुम्हाला? तो दोन पावलं मागे सरला. देवीला दिलेला हेला परत येतो हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बायकोनं लसखान्याचं सांगितलं, पण त्याच्या डोक्यात शिरलं नाही. तो एकच बोलत राहिला, "देलेलं वापस आनू नये." गावात पोचलो तेव्हा मी दोर तोडून सरळ डबऱ्यात गेलो. मला बाहेर काढायला आले ते हात हलवत परत गेले.

घरात आता एक नात होती, रुख्मिणी. मी गेलो तेव्हा ती आईच्या पोटात होती. ती अंगणभर नाचायची आणि माझ्या पाठीवर चढायचा हट्ट धरायची. तिचे दोन्ही दंड कोरे होते. देवी टोचणारा सरकारी माणूस मधून मधून गावात यायचा, पण महिपत त्याला दारातूनच परत पाठवायचा. म्हणायचा, "आमी देवीले हेला देला हाय. आमच्या पोरीले टोचाची गरज नाही." ज्या पोटातून तिचं औषध निघालं त्याच पोटाच्या भरवशावर तिला औषध दिलं नव्हतं. फकिराचं ते एक न बोललेलं वाक्य कुठवर गेलं बघा.

पुढच्या उन्हाळ्यात गावात देवी आली. पहिला गेला तो लक्ष्मणराव पाटलांचा नातू, रुख्मिणीबरोबर खेळणारा. मग आणखी घरांतून रडणं ऐकू यायला लागलं. वेशीवर कडुनिंबाचं तोरण बांधलं, देवीला चालत नाही म्हणून घराघरांतली फोडणी बंद झाली, आणि देवीच्या ओट्यावर माणसं जमली. लक्ष्मणराव म्हणाले, "महिपतनं देलेला हेला वापस आनला, म्हनून देवी गावावर कोपली. येत्या मंगळवारी हेला द्या." महिपत लगेच हो म्हणाला. मी परत आलो त्या दिवसापासून त्याला हेच वाटत होतं. त्याच दिवसांत फकिरा गावाच्या वेशीवर आला. आता तो नव्या सरकारच्या टोचणाऱ्याची पेटी उचलायचा. टोचणारा तेलुगू बोलणारा होता, रोगाला तोही 'अम्मवारु' म्हणजे आईच म्हणत होता. गावानं दोघांना तोरणाच्या आत येऊ दिलं नाही. देवी गावात असताना टोचून घेतलं तर ती आणखी चिडेल, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. ते दोघे वेशीबाहेरच्या आंब्याखाली बसून राहिले.

मंगळवारी दुपारी महिपतनं मला ओट्यापुढे आणलं. डफडं वाजत होतं, एक जण कोयत्याला धार लावत होता. कपाळाला पुन्हा हळदकुंकू. मला वाटलं, वा रे वा. त्या देवीनं पोट घेतलं, ही देवी मान घेते. या माणसांना माझा एक तुकडा सोडवत नाही.

मग गर्दीतून बयनाबाई आली. एका हातात घागर, दुसऱ्या हातात रुख्मिणीचा हात. "लक्ष्मनराव भाऊजी, मारा मंग," ती म्हणाली. "आधी ह्याचं पोट पाहा." तिनं घागर माझ्या पोटावर ओतली, चिखल हातानं पुसून काढला. पांढऱ्या सरी सगळ्यांना दिसल्या. डफडं थांबलं.

"हेला आमी वापस नाही आनला," ती म्हणाली. "देवीनं घेतला, वापरला अन् मंग धाडला. हे तिचे वन होय. ज्याले येकडाव देवी निंगाली त्याले पुन्हा निंगत नाही, हे तुमालेबी मालूम हाय. ज्याचं घेऊन झालं त्याच्याजवळून देवी दुसऱ्यांदा काय घेईन? अन् ह्याच्या पोटातून तिनं जे काढलं, ते वेशीवर त्या पेटीत पडून हाय. तुमी तोरन बांधून बाहेर ठेवलं."

लक्ष्मणरावांनी फकिराला बोलावून घेतलं. तो आला, माझ्याकडे न पाहता उभा राहिला. बयनाबाईनं विचारलं, "फकिरा, खरं हाय का?"

"हाव," तो पुटपुटला.

"जोरानं बोल. तवा नाही बोलला."

मग फकिरा बोलला. बाजारात महिपतनं काय ऐकलं, आपण काय सांगितलं नाही, शेडमध्ये काय झालं, सगळं. शेवटी म्हणाला, "ह्या पेटीतलं बी ह्याच्यासारख्याच हेल्याचं होय. ह्याचं त्याच्यात, त्याचं दुसऱ्यात, असंच चालत आलं." बयनाबाईनं रुख्मिणीची बाही वर केली आणि तिला टोचणाऱ्यापुढे उभं केलं. पोरगी रडली. तिच्यामागून पाटलांची सून आपलं धाकटं लेकरू घेऊन आली, मग बाकीच्या आल्या. कोयतावाला कोयता गुंडाळून घरी गेला.

एक माणूस पुढे आला नाही. महिपत. "म्या देवीले शब्द देला होता," असं म्हणून तो घरात जाऊन बसला. त्याला देवी निघाल्या. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले. रुख्मिणीला काही झालं नाही.

तोच हा महिपत, जो रोज माझं शेपूट धरून नाल्यावर येतो आणि ज्याला तुम्ही आंधळा म्हातारा म्हणून चिडवता. मी पाण्यात बसलो की तो काठावर बसतो. एकदा मी बाहेर आल्यावर त्यानं माझ्या पोटावर हात फिरवला. बोटं एका सरीवरून दुसऱ्या सरीवर जात राहिली. मग त्यानं विचारलं, "लय दुखलं का रे?" एवढ्या सगळ्या माणसांत, एवढ्या सगळ्या वर्षांत, हे विचारणारा तो पहिला. मी त्याला माफ केलेलं नाही. यशवंतरावांना नाही, फकिराला नाही, कोणालाच नाही. पण त्याचा हात होता तोवर मी हललो नाही.

पोराईकडे ध्यान ठेवजो, असं बयनाबाई म्हणाली होती. ठेवलं मी. माझ्याकडून ठेवून घेतलं, मला न विचारता. उद्या तुमच्यातला कोणी डॉक्टर होईल. त्याला सांगून ठेवतो. जनावराशिवाय काम होत असेल तर त्याला हात लावू नको. फकिरा सांगत होता, मोठ्या शहरात तोंडाला लावायच्या पावडरीसाठी सशांचे डोळे जाळतात. त्यात कोणाचं लेकरू वाचतं, ते मला येऊन सांग. आणि जिथे खरंच अडलं असेल, तिथे गोड शब्दाखाली लपवू नको. धन्याला तोंडावर सांग, काम झाल्यावर त्या जनावराला कसायाच्या दारात नेऊ नको, आणि त्याच्या पाठीवर बादलीभर पाणी ओत. एवढंही जमत नसेल तर दुसरं काम शोध.

आता शेवटचं. तुमच्या अंगावर काय आहे ते सांगतो म्हणालो होतो. शेपूट पिरगाळणाऱ्या, तूच उठ. बाही वर कर. दंडावर ती गोल खळी दिसते का, जिथे केस उगवत नाहीत? आई म्हणाली असेल, लहानपणी देवी काढल्या. बोट ठेव तिच्यावर. ते माझं पोट आहे. आता दुसऱ्या हातातला खडा खाली टाक.